‘मॅकबेथ’मधील ‘होणे’ आणि ‘करणे’

शेक्सपिअरच्या चार प्रमुख शोकांतिकांना एकेका मनोविकाराचे नाव लावून ठेवण्याची रूढी जुनी आहे. हॅम्लेटचा अनिश्चय, ऑथेल्लोचा मत्सर, लिअरचा अविवेक आणि मॅकबेथची महत्त्वाकांक्षा अशी ही वाटणी असून, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती सोयीची ठरते यात शंका नाही. परंतु निदान ‘मॅकबेथ’पुरते तरी असे म्हणावेसे वाटते, की हे नाव उच्चारून जेथे विवेचन थांबते तेथूनच ते सुरू व्हावयास हवे. महत्त्वाकांक्षा हे या नाटकाचे सूत्र असेल, तर ते नाटकाच्या भाषेत कोठे आणि कोणत्या रूपाने वावरते?

हा प्रश्न घेऊन संहितेकडे वळणाऱ्याच्या पदरी प्रथम आश्चर्यच पडते. ‘अँबिशन’ हा शब्द संपूर्ण नाटकात अवघा तीन वेळा आला आहे. पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात लेडी मॅकबेथ पतीचे पत्र वाचून त्याच्या स्वभावाची चिकित्सा करते, तेव्हा ती म्हणते की ही आकांक्षा त्याच्या ठायी आहे. उणीव आहे ती तिच्या सोबतीला लागणाऱ्या दुष्टपणाची. त्याच अंकाच्या सातव्या प्रवेशात मॅकबेथ स्वतःविषयी तो शब्द वापरतो. घोड्यावर बसण्यासाठी घेतलेली उडी अधिक होऊन स्वार पलीकडच्या बाजूस कोसळावा, तशी आपली आकांक्षा आहे, हे त्याला स्पष्ट दिसते. तिसरा उपयोग मात्र विलक्षण आहे. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस रॉस हा सरदार तो शब्द उच्चारतो, तो मॅकबेथसंबंधी नव्हे. पित्याचा वध करविल्याचा संशय ज्यांच्यावर लादला गेला आहे त्या माल्कम आणि डोनलबेन या राजपुत्रांसंबंधी. म्हणजे या शब्दाचा शेवटचा प्रयोग निरपराध व्यक्तींना उद्देशून, तोही चुकीने, झालेला आहे. पुढील तीन अंकांत तो पुन्हा येत नाही. नाटकाच्या ज्या भागात त्या विकाराची सारी फळे पिकतात, तेथे त्याचे नाव घेणारा कोणी उरत नाही.

या शब्दाच्या अर्थाविषयीही मराठी वाचकाने सावध राहणे बरे. लॅटिन भाषेतील ज्या धातूपासून तो आला त्याचा मूळ अर्थ भोवती फिरणे असा आहे. रोममध्ये अधिकारपदाचे उमेदवार मते मिळविण्यासाठी जी फेरी घालीत, तिला अनुलक्षून तो रूढ झाला. शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत त्याला बहुधा निंदेचाच वास असे. आपला ‘महत्त्वाकांक्षा’ हा संस्कृत घडणीचा समास मोठेपणाची इच्छा एवढेच सांगतो, आणि आजच्या व्यवहारात तो बहुतांशी गुणवाचक आहे. एखादा विद्यार्थी महत्त्वाकांक्षी आहे असे म्हटले तर त्याच्या वडिलांना आनंदच होतो. राज्यलोभ किंवा नुसती ‘हाव’ हे शब्द मॅकबेथच्या विकाराला अधिक जवळचे आहेत. पण त्यांत त्याच्या कल्पनाशक्तीची झेप मावत नाही. नामाच्या मागे लागून फारसे हाती येत नाही ते असे. या नाटकातील महत्त्वाकांक्षेचा खरा मागोवा नामापेक्षा क्रियापदांतून लागतो.

कॅरोलिन स्पर्जन यांनी १९३५ साली शेक्सपिअरच्या प्रतिमासृष्टीचा अभ्यास प्रसिद्ध करून, मॅकबेथच्या अंगावरील ढगळ आणि उसन्या वस्त्रांच्या प्रतिमांकडे लक्ष वेधले. १९४७ साली क्लिअँथ ब्रुक्स यांनी त्याच धाग्याला नग्न बालकाच्या प्रतिमेची जोड दिली. या विवेचनांचे मोल निर्विवाद आहे. त्यांचा एक परिणाम मात्र असा झाला, की वस्त्र, रक्त, निद्रा, अंधार यांनी अभ्यासकांची दृष्टी व्यापून टाकली, आणि या नाटकातील सर्वांत साधी क्रियापदे, म्हणजे इंग्रजीतील ‘बी’ व ‘डू’, मराठीत म्हणावयाचे तर ‘असणे-होणे’ आणि ‘करणे’, त्या मानाने दुर्लक्षित राहिली.

नाटकाची रचना साधारणतः १६०६ सालची मानली जाते. ते छापले गेले मात्र १६२३ च्या संग्रहातच. कथानकासाठी शेक्सपिअरने हॉलिनशेडच्या बखरीचा आधार घेतला. या बखरीतील मॅकबेथ राज्य मिळाल्यावर दहा वर्षे न्यायाने कारभार करतो, आणि राजवधाच्या कटात बँकोही त्याचा भागीदार असतो. शेक्सपिअरने या दोन्ही गोष्टी गाळल्या. बँकोला गाळण्यामागे राजकीय कारण उघड आहे: १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स राजा आपले कूळ बँकोपासून सांगत असे. परंतु दोन्ही फेरफारांचा मिळून कलात्मक परिणाम असा होतो, की विचार आणि कृती यांमधील सारे व्यवधान एकट्या मॅकबेथच्या मनात येऊन साठते. साथीदाराशी मसलत नाही, पुढे सुराज्याची सबब नाही. या व्यवधानात जे घडते ते केवळ भाषेत घडते.

आता चेटकिणींच्या पहिल्या भाकिताची वाक्यरचना पाहावी. तीन चेटकिणी तीन पदव्यांनी मॅकबेथला अभिवादन करतात. पहिली पदवी त्याची आहेच व ती त्याला ठाऊक आहे. दुसरी, कॉडरची, त्याला राजाने दिलेली आहे, पण ती वार्ता त्याच्या कानी आलेली नाही. तिसरी भविष्यातील आहे: तो पुढे राजा होईल. एक ज्ञात सत्य, एक अज्ञात सत्य आणि एक भाकीत अशी ही तीन विधाने एकाच लयीत, एकाच ठशात उच्चारली जातात, आणि त्यामुळे तिसऱ्याला पहिल्या दोहोंची विश्वसनीयता फुकट मिळते. परंतु मुख्य गोष्ट ही, की भाकितातील क्रियापद ‘होणे’ आहे. त्यात ‘करणे’ नाही. वधाचा तर उल्लेखही नाही. ‘तू राजा होशील’ हे ऐकून ‘त्यासाठी मला काय करावे लागेल’ हा प्रश्न ज्याच्या मनात उभा राहतो, तो प्रश्न त्याचाच असतो. तेच भाकीत बँकोच्या समक्ष उच्चारले जाते, आणि त्याच्याही वंशजांना राज्याचे आश्वासन मिळते. पण ‘होणे’ हे ‘होणे’च राहू द्यावयाचे एवढा संयम त्याच्याकडे असतो. मॅकबेथलाही हा मार्ग क्षणभर सुचतो: दैवाला आपणास राजा करावयाचे असेल तर आपण हललो नाही तरी ते करील, असे तो स्वतःशी म्हणून पाहतो. सारे नाटक टळू शकले असते असा हा एकच क्षण आहे.

भारतीय न्यायशास्त्रात वक्त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ शब्दांवर लादून त्याला खोडून काढणे याला वाक्छल म्हटले आहे. ‘नवकंबल’ या शब्दाचे नवे कांबळे आणि नऊ कांबळी असे दोन अर्थ घेऊन दिलेले त्याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. चौथ्या अंकातील भाकिते, म्हणजे स्त्रीच्या उदरी जन्मलेल्यापासून भय नाही आणि अरण्य चालून येईपर्यंत पराभव नाही ही दोन आश्वासने, या छलाच्या जातीची आहेत. फरक इतकाच, की येथे छल करणारा श्रोता नसून वक्ता आहे. १६०६ साली हेन्री गार्नेट या जेझुइट धर्मगुरूवरील खटल्यात द्व्यर्थी भाषणाचा प्रश्न लंडनभर गाजला होता आणि द्वारपालाच्या प्रवेशात त्याचे पडसाद उमटले आहेत, हे सर्वश्रुत आहे. परंतु पहिल्या भाकितात असा श्लेष मुळीच नाही. ते अक्षरशः खरे ठरते. त्यातील ‘होणे’चे ‘करणे’ मॅकबेथने स्वतः केले.

हे रूपांतर प्रथम अचूक ओळखते ती त्याची पत्नी. पत्र वाचून झाल्यावर ती जे बोलते त्यात ‘राजा’ हा शब्दच नाही. ग्लॅमिस आणि कॉडर या पदव्या ती उच्चारते. तिसऱ्या पदवीच्या जागी, जे वचन मिळाले ते तू होशील, असे आडवळणाने म्हणते. पुढे पतीचे निदान करताना तिने केलेले पृथक्करण व्याकरणकारालाही हेवा वाटावा असे आहे. तिच्या मते त्याला भीती वाटते ती कृती करण्याची. ती झालेली असू नये अशी मात्र त्याची इच्छा नाही. करणे नको, होणे हवे. मॅकबेथच्या महत्त्वाकांक्षेची याहून नेमकी व्याख्या नंतरच्या टीकाकारांनाही सहसा साधलेली नाही.

त्याआधीच्या प्रवेशात डंकन राजा माल्कमला युवराज म्हणून घोषित करतो. स्कॉटलंडची गादी तेव्हा केवळ वंशपरंपरेने ठरत नव्हती, त्यामुळे मॅकबेथच्या दृष्टीने ही घोषणा म्हणजे वाटेतली धोंड ठरते. या वेळी तो ताऱ्यांना आपला प्रकाश झाकावयास सांगतो, आणि हात जे करील ते डोळ्याने पाहू नये, पण झाल्यावर जे पाहावयास डोळा भितो ते व्हावे मात्र, अशी इच्छा व्यक्त करतो. कर्ता येथून फुटू लागतो. करणारा हात आहे, न पाहणारा डोळा आहे. ‘मी’ या वाक्यात नाही.

पहिल्या अंकातील सातव्या प्रवेशाचे स्वगत हा या साऱ्याचा गाभा होय. त्याचा आरंभ ‘जर’ या अर्थाच्या शब्दाने होतो, आणि पहिल्या दोन ओळींतच ‘डन’ हे रूप तीन वेळा येते. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर सारे स्वगत संकेतार्थात उभे आहे: अमुक झाले असते तर तमुक. आणि ज्याविषयी हे बोलणे चालले आहे ते केवळ ‘ते’ आहे. त्या सर्वनामाचे नाम मॅकबेथ उच्चारत नाही. ‘डन’ या रूपातच खरी खोच आहे. इंग्रजीत ते कृतीही दर्शविते आणि समाप्तीही. केलेले आणि संपलेले हे दोन्ही अर्थ एका अक्षरात नांदतात. मॅकबेथची सारी आशा या दोन अर्थांच्या मिलाफावर आहे: कृत्य केले की ते संपावे. त्याची सारी भीती त्यांच्या फारकतीची आहे.

मराठी रूपांतरकारापुढे येथे जी अडचण उभी राहते ती मोठी उद्बोधक आहे. या नाटकाची मराठी रूपे थोडी नाहीत, शि. म. परांजपे यांचे ‘मानाजीराव’ आणि वि. वा. शिरवाडकर यांचे १९५४ सालचे ‘राजमुकुट’ ही त्यांतील ठळक नावे. ‘डन’ मराठीत आणताना ‘केले’ आणि ‘झाले’ यांपैकी एक निवडावेच लागते. ‘केले’ म्हटले की कर्ता पुढे येऊन उभा राहतो, ‘झाले’ म्हटले की तो नाहीसा होतो, आणि वर समाप्तीची छटाही येते, ‘झाले!’ एवढा एकच शब्द आपल्याकडे विषय संपल्याची खूण असतो. मॅकबेथला दोन्ही एकदम हवे आहेत. इंग्रजीने त्याला जो आडोसा दिला तो मराठी देत नाही. अर्थात मराठीही या बाबतीत अगदी निष्पाप आहे असे समजू नये. ‘माझ्याकडून चूक झाली’, ‘होऊन गेले’, ‘घडू नये ते घडले’ या आपल्या नित्याच्या बोलण्यात कर्त्याला दडविण्याची सोय पुरेपूर आहे. आणि ‘मी खून केला’ या कर्मणी प्रयोगातही क्रियापद चालते ते ‘खून’ या कर्माच्या लिंगवचनाने. ‘मी’शी त्याची ओळखही नसते. प्रत्येक भाषा आपापली आडजागा राखून असते. जो भाषांतरकार एका भाषेतील आडजागेला दुसऱ्या भाषेतील आडजागा शोधून देईल, त्यालाच हे स्वगत साधेल.

वधाला नाव देण्याची टाळाटाळ शब्दयोजनेतही दिसते. ‘खून’ या अर्थाचा शब्द मॅकबेथ टाळतोच असे नाही, तो त्याची जागा बदलतो. पहिल्यांदा तो येतो तेव्हा खून विचारात आहे, तोही केवळ काल्पनिक. सातव्या प्रवेशातील स्वगतात तो ‘असॅसिनेशन’ असा भारदस्त परकी शब्द योजतो. शेक्सपिअरच्या सर्व लेखनात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी आहे. त्याच स्वगतात ‘खुनी’ हा शब्दही येतो, पण यजमान या नात्याने ज्याच्यासमोर आपण दार लावून घ्यावयाचे तो हा खुनी; म्हणजे कोणी तिऱ्हाईत. दुसऱ्या अंकात हाती खंजीर नाचू लागतो तेव्हा खून हाच एक कृश पुरुष बनून पिशाचासारखा आपल्या लक्ष्याकडे चालू लागतो. पत्नीच्या तोंडी याच काळात ‘कामकाज’, ‘उपक्रम’ या अर्थाचे शब्द आहेत. आणि तिचे क्रियापद बव्हंशी आज्ञार्थी आहे. संकेतार्थात गुरफटलेला पती आणि आज्ञार्थात बोलणारी पत्नी! त्यांच्या संवादातील ताण हा स्वभावांचा जितका, तितकाच या दोन अर्थांचा आहे.

कृत्यानंतर मॅकबेथ रंगभूमीवर येतो तेव्हा त्याचे वाक्य आखूड, स्वार्थी आणि सकर्तृक आहे. (‘स्वार्थी’ येथे अर्थातच व्याकरणातील संज्ञा म्हणून.) प्रथमपुरुषी कर्ता, ‘करणे’ हे क्रियापद आणि कृत्य हे कर्म. एवढे एक वाक्य बोलावयास त्याला दीड अंक लागला. आणि नेमक्या याच प्रवेशात लेडी मॅकबेथ संकेतार्थात जाते: झोपेत राजा आपल्या पित्यासारखा दिसला नसता तर आपणच ते केले असते, असे ती म्हणते. नवराबायकोंच्या भाषेची अदलाबदल झाली, पण कोणाच्या ध्यानी आली नाही. यानंतर एक आवाज मॅकबेथच्या कानी पडतो. त्या आवाजाच्या वाक्यात कर्ता मॅकबेथ आहे, क्रियापद ‘खून करणे’ आहे, पण कर्म राजा नाही, निद्रा आहे. ते पूर्ण वाक्य, त्यातील खऱ्या कर्मासह, मॅकबेथ तिसऱ्या अंकापर्यंत उच्चारत नाही.

राजा झाल्यावर त्याचा शब्दसंग्रह बदलतो. आता ‘असणे’ पुरेसे नाही, सुरक्षित असणे हवे. ‘सेफ’ हा शब्द तिसऱ्या अंकात अशा काही स्वराने येतो, की बँको सुरक्षित आहे ना, या मॅकबेथच्या पृच्छेचा अर्थ तो मेला आहे ना, असा होतो. आणि येथे तिसरे क्रियापद प्रवेश करते. मराठीत त्याला प्रयोजक म्हणतात. बँकोचा वध तो करीत नाही, करवितो. मारेकऱ्यांना तो ज्या चिकाटीने पटवितो, त्याचे कारण एरवी उमगत नाही. द्रव्य देऊन भागले असते. पण हे वैर तुमचेच आहे असे त्यांच्या गळी उतरवावे लागते, कारण कर्तेपण त्यांच्याकडे सोपवावयाचे असते. म्हणूनच मेजवानीत बँकोचे भूत दिसताच, मी ते केले असे तू म्हणू शकत नाहीस, असे ओरडून तो व्याकरणाचा आश्रय घेतो. भुताला व्याकरण मान्य नसते.

चौथ्या अंकात चेटकिणी आपल्या कृत्याला नावच नसल्याचे सांगतात, आणि पुढे मॅकडफ निसटल्याची वार्ता येताच मॅकबेथ ठरवितो, की यापुढे मनात पहिले येईल तेच हात पहिले करील. ‘जर’ गेला, ‘ते’ गेले, डोळा आणि हात यांचे भांडण मिटले. मॅकडफच्या बायकामुलांचा संहार याच निःसंदिग्ध भाषेत ठरतो, आणि प्रेक्षकाला सर्वांत मोठी शिसारी येते ती येथेच. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ च्या आपल्या व्याख्यानग्रंथात मॅकबेथच्या कल्पनाशक्तीला त्याच्या नैतिक जाणिवेचे वाहन मानले आहे. भाषेच्या अंगाने त्याला असा दुजोरा मिळतो, की वाक्य जोवर अडखळते तोवरच त्या माणसात काही शिल्लक असते.

लेडी मॅकबेथचा निद्राभ्रमणाचा प्रवेश गद्यात आहे. तिसऱ्या अंकात जे झाले ते झाले असे पतीला बजावणारी ती, येथे त्याच क्रियापदाचा नकारार्थी फिरविलेला प्रयोग करते: झालेले न झालेले करता येत नाही. काळाचे भान सुटलेल्या या भाषणात वर्तमान आणि भूत एकमेकांत मिसळतात. मॅकडफच्या बायकोची चौकशी ती एखाद्या बडबडगीतासारख्या यमकात करते. तिचा अंत रंगभूमीवर होत नाही. शेवटच्या भाषणात माल्कम सांगतो, तोही ऐकीव म्हणून, की तिने आपल्याच हातांनी जीव घेतला. डोळ्याला नकळत काम करणारा तो हात अखेर येथवर आला.

तिच्या मृत्यूची वार्ता ऐकून मॅकबेथ जे बोलतो त्यात ‘उद्या’ हा शब्द लागोपाठ तीनदा येतो. चेटकिणींच्या भाकितातील भविष्यकाळ एका राज्याने भरलेला होता. हा भविष्यकाळ रिकामा असून केवळ सरपटत पुढे जातो. आणि मॅकबेथ पडल्यानंतर माल्कम जे बोलतो त्यात ‘करणे’ पुन्हा येते, पण यावेळी त्याची कर्मे नावानिशी सांगितली जातात: सरदारांना नव्या पदव्या द्यावयाच्या, परागंदा मित्रांना परत बोलवावयाचे, जुलमाच्या हस्तकांना न्यायासमोर आणावयाचे. मग तो सर्वांना स्कोन येथे राज्याभिषेकाचे निमंत्रण देतो. भाषण रूक्ष आहे, आणि बहुतेक प्रयोगांत त्याला कात्री लागते.